गहिवर मोजायचा कसा? (लघुप्रबंधासाठी मदत हवी)

शेवंती:
नमस्कार मंडळी. एम.ए. मानसशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी विषय घेतलाय: छोट्या चित्रफिती बघताना प्रेक्षकाला येणारा गहिवर. तीन ठिकाणी गाडं अडलंय.

एक, गहिवर ही स्वतंत्र भावना धरायची की दुःख आणि आनंद यांचं मिश्रण? मार्गदर्शकांचं म्हणणं, पॅनास प्रश्नावली (भावनांच्या शब्दांची यादी, प्रत्येक शब्दाला गुण द्यायचे) भरून घ्या, तेवढं पुरे. दोन, मराठीत प्रश्न कसे विचारायचे? 'भावूक झालात का?' असं विचारलं की सगळेच 'हो' म्हणतात. तीन, फिती किती, केवढ्या लांबीच्या आणि माणसं किती?

उपकरणं काहीच नाहीत. एक लॅपटॉप, हेडफोन आणि विभागातली एक खोली एवढंच आहे.

---

काजवा:
पॅनासने भागणार नाही. १९८८ सालच्या त्या यादीत वीस शब्द आहेत, दहा सकारात्मक आणि दहा नकारात्मक. त्यात 'गहिवरलेला' नाहीच, पण गंमत म्हणजे 'आनंदी' आणि 'दुःखी' हेसुद्धा नाहीत. उत्साही, सावध, चिडखोर, अपराधी अशी मंडळी आहेत. ती यादी मुळात मनाची चेतलेली अवस्था मोजते. गहिवर आला म्हणून त्यातला एखादा आकडा हललाच तर तो कशामुळे हलला, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

मिश्रण की स्वतंत्र, यावर दोन घराणी आहेत. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतले मेनिंगहाउस आणि सहकारी यांनी २०१५ साली लोकांकडून हेलावून टाकणारे प्रसंग लिहवून घेतले. लग्न, जन्म, मृत्यू, समेट असे प्रसंग आले, आणि त्यात दुःख आणि आनंद दोन्ही ठळक निघाले. म्हणून ते 'दुःखाकडे झुकलेलं' आणि 'आनंदाकडे झुकलेलं' असे हेलावण्याचे दोन प्रकार मानतात.

दुसरं घराणं म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ ॲलन फिस्क आणि ओस्लो विद्यापीठातले थॉमस शूबर्ट, बेआटे झाइप्ट. त्यांनी या भावनेला मुद्दाम कुठल्याच बोलीभाषेतला शब्द दिला नाही, 'कामा मुता' असं नाव दिलं. दावा असा: आपलेपणाचं नातं अचानक घट्ट होतं किंवा घट्ट होताना दिसतं, तेव्हा हे होतं. यातला 'अचानक' महत्त्वाचा. आई-मुलाचं प्रेम रोजचंच असतं, त्याने रोज कोणी गहिवरत नाही. जत्रेत हरवलेलं मूल चौकीत सापडतं तेव्हा आई रडते. शोधताना ती धावत असते, ओरडत असते, पण तेव्हा बहुधा रडत नाही.

तुमच्या फितींसाठी हा मुद्दा सोन्यासारखा आहे. एफ्रान आणि स्पँग्लर यांनी १९७९ सालीच मांडलं होतं की मोठ्या माणसाचे अश्रू ताण चढताना येत नाहीत, ताण एकदम सुटतो त्या वळणावर येतात. म्हणून संपूर्ण फितीला एकच गुण द्यायला लावलात तर ताण आणि सुटका एकमेकांत मिसळतील, आणि निष्कर्ष निघेल 'मिश्र भावना'. ते मिश्रण तुमच्या मोजण्याच्या पद्धतीतून आलेलं असेल.

माझा कौल दुसऱ्या घराण्याला आहे. निदान लघुप्रबंधापुरता तरी, कारण त्यांचा दावा खोटा ठरवता येईल इतका नेमका आहे.

---

तिरका:
इतकं सरळ नाही हो ते. अनोळखी रिक्षावाल्याने पैशांची पिशवी परत आणून दिली ही बातमी वाचून डोळे भरतात. तिथे कुठलं नातं घट्ट झालं? माझं नाही, पिशवीवाल्याचंही नाही. कोवा आणि देओना या दोन तत्त्वज्ञांनी २०१४ साली याचं जास्त पटणारं उत्तर दिलंय: एखादं मूलभूत मूल्य प्रतिकूल परिस्थितीत उजळून समोर येतं, तेव्हा आपण हेलावतो. नातं हे अशा अनेक मूल्यांपैकी एक. मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइटची 'उन्नयना'ची कल्पनाही याच अंगाने जाते, दुसऱ्याचा चांगुलपणा पाहून मन वर उचललं जातं.

---

काजवा:
मुद्दा मान्य, पण फिस्कपंथीयांकडे उत्तर आहे: पिशवीवाला परका होता, रिक्षावाल्याने त्याला आपला मानलं, आणि बघणाऱ्याला ते दिसलं. हे ताणलेलं वाटतं हेही कबूल. शेवंती, उलट हाच तुमचा प्रश्न करून टाका. फितींचे दोन गट ठेवा, एकात पुनर्भेट आणि दुसऱ्यात अनोळखी माणसाची सचोटी. दोन्हींत 'जवळीक वाढल्यासारखी वाटली' हे विधान गहिवराबरोबर सारखंच चढतं का ते पाहा. सचोटीच्या फितींत गहिवर आला आणि जवळीक हललीच नाही, तर तिरका यांची बाजू जिंकली.

---

दोनओळी:
भाषांतरावर लिहिते, कारण मराठी प्रश्नावल्या बहुतेक इथेच आपटतात.

तुम्हाला हवी ती प्रश्नावली आहे कामा मुता मोजपट्टी, दुसरी आवृत्ती. २०१९ साली झिकफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९ देशांत, १५ भाषांत ती तपासली. तिचे पाच भाग आहेत: शरीरात काय झालं, काय घडताना दिसलं, काय करावंसं वाटलं, अनुभव बरा की वाईट, आणि शेवटी भावनेचं नाव. उत्तरं ० ते ६. नाव हा पाचातला फक्त एक भाग आहे, हे लक्षात ठेवा. 'भावूक झालात का' एवढंच विचारणं म्हणजे चार खांब काढून पाचव्यावर मांडव उभा करणं. शिवाय 'भावूक' हा मराठीत बहुतेकदा स्वभावाचा शब्द आहे ('ती जरा भावूकच आहे'), म्हणून माणसं स्वतःच्या स्वभावाला गुण देऊन मोकळी होतात.

आता एकेक विधान.

'छातीत गरम वाटलं' असं सरळ भाषांतर केलंत तर मराठी माणसाला पित्त आठवेल. 'छातीत ऊब जाणवली' ठेवा. 'ऊर भरून आला' सुंदर आहे, पण तो वाक्प्रचार आहे, शरीरातली खूण राहिलेली नाही. तो नावांच्या भागात टाका.

'अंगावर काटा आला' हे मराठीत अपघाताच्या बातमीलाही म्हणतात आणि राष्ट्रगीतालाही. म्हणून 'हातावरचे केस उभे राहिले' असं नुसतं दिसणारं विचारा, आणि 'शहारा आला' वेगळं विचारा. दोन्ही एक नाहीत.

घशासाठी दोन विधानं: 'घसा दाटून आला' आणि 'बोलायला गेलो असतो तर आवाज फुटला नसता'. आवंढ्याचं विधान वेगळं नको, ते पहिल्याशीच इतकं जुळतं की नुसती जागा खातं.

डोळ्यांना मात्र पायऱ्या हव्यात. 'डोळे पाणावले' आणि 'अश्रू ओघळले' ही वेगवेगळी विधानं करा. पुरुष पहिल्याला 'हो' म्हणतात आणि दुसऱ्यापाशी थबकतात.

मूळ मोजपट्टीत लाडाने तोंडातून निघणाऱ्या उद्गाराचं एक विधान आहे. मराठीत 'आई गं' टाकायचा मोह होईल. टाकू नका, ठेच लागल्यावरही तेच म्हणतात. 'तोंडून कौतुकाचा उद्गार निघाला' इतकं साधं पुरे.

आणि व्याकरण. 'मी हेलावलो' यात कर्ता मी. 'मला भरून आलं', 'मला गहिवरून आलं' यात भावना आपणहून येते, मी नुसता तिचा धनी. भावनेचं अचानक येणं मराठी वाक्यरचनेतच आहे, ते फुकट घालवू नका. नावांच्या भागात तीन विधानं पुरेत: 'मला गहिवरून आलं', 'मला भरून आलं', 'मन हेलावलं'. 'गलबललं' घेऊ नका, ते काळजीकडे आणि कालवाकालवीकडे झुकतं.

पद्धत: दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, बसून एक मसुदा ठरवायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा. मग आठ-दहा जणांना एकेक विधान मोठ्याने वाचायला लावून विचारायचं, 'यावरून तुम्हाला काय समजलं?' या शेवटच्या पायरीला विद्यार्थी फाटा देतात, आणि पित्तासारखे घोटाळे नेमके इथेच पकडले जातात. त्यांत दोघे तरी पुण्या-मुंबईबाहेरचे असू द्या.

---

पूर्वरंग:
'कामा मुता' हे नाव कुठून आलं ते सांगायचा मोह आवरत नाही. शब्द वैदिक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या दहाव्या सूक्तात, म्हणजे यम-यमी संवादात, यमी स्वतःला 'काममूता' म्हणते, इच्छेने ढकलली गेलेली. ती आपल्या सख्ख्या भावाकडे शरीरसंग मागते आहे! नाव निवडणाऱ्यांनी त्याचा अर्थ 'प्रेमाने हेलावलेला' असा घेतला. प्रबंधात 'संस्कृतात गहिवराला काममूत म्हणतात' असं लिहू नका. संस्कृत येणारा परीक्षक भेटला तर फजिती होईल.

त्यापेक्षा भरत जास्त कामाचा आहे. त्याच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावनेच्या शरीरावर उमटणाऱ्या खुणा, आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. दोनओळी यांच्या यादीतले केस, घसा आणि डोळे इथे नावानिशी हजर आहेत. छातीतली ऊब मात्र नाही. माझा तर्क असा की भरत नटासाठी लिहितो, आणि ऊब प्रेक्षकाला दाखवता येत नाही.

खरी गंमत कारणांच्या यादीत आहे. अश्रूंची कारणं म्हणून तो आनंद, संताप, भय आणि शोक सांगतो, आणि त्यांच्याच पंगतीला धूर, अंजन, जांभई, एकटक बघणं, थंडी आणि रोग बसवतो. रोमांचाच्या यादीतही थंडी आहे. म्हणजे प्रयोगात कशाकशाला आवर घालायचा याची यादी आयती तयार. खोलीतला एसी २५-२६ अंशांवर ठेवा आणि झोत माणसावर नको, नाहीतर तुम्ही थंडी मोजाल. पडद्याकडे एकटक बघून डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरून पाणी येतं, म्हणून फिती छोट्या हव्यात. सर्दी झालेल्याला दुसरा दिवस द्या.

नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त, त्याने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली, त्यातली दोन तुमच्या खोलीत हमखास येणार. एक, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतलेला असणं (परीक्षा उद्यावर, किंवा घरात नुकताच मृत्यू). दुसरं, दाखवलेलं शक्यच न वाटणं. जाहिरातीत संथ गती आणि व्हायोलिन सुरू झालं की 'आता हे रडवणार' असं प्रेक्षक ओळखतो, आणि गहिवराचा दरवाजा तिथेच बंद होतो.

---

ठोकताळा:
आता आकडे.

फिती: दोन ते चार मिनिटांच्या. त्याहून छोटीत नातं उभं राहत नाही, त्याहून लांब झाली तर नेमक्या कोणत्या क्षणाने काम केलं ते कळत नाही. प्रत्येकाला चार दाखवा: पुनर्भेट, सचोटी, निव्वळ दुःखाची (ताटातूट आहे, भेट नाही) आणि विनोदी. दुःखाची फीत गाळू नका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचा निकाल तीच देणार. पुनर्भेट आणि दुःख दोन्हींत डोळे ओले होतील, पण ऊब आणि 'कोणाला तरी जवळ घ्यावंसं वाटलं' यांत फरक पडायला हवा. नाही पडला तर मिश्रण म्हणणारे बरोबर होते, असं खुशाल लिहा.

क्रम प्रत्येकाला वेगळा, पण विनोदी फीत शेवटीच. सांख्यिकीच्या दृष्टीने हे चूक आहे, कारण तिच्या जागेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. पण रडवलेल्या माणसाला तसाच घरी पाठवायचा नाही. तिची तुलना दुय्यम समजा. दोन फितींच्या मध्ये तीन मिनिटं साधी आकडेमोड किंवा चित्रातले फरक शोधा, नाहीतर आधीचा उमाळा पुढच्या फितीत वाहत जातो.

प्रत्येक गटात किमान दोन-दोन पर्यायी फिती ठेवा आणि अर्ध्यांना एक, अर्ध्यांना दुसरी दाखवा. एकच पुनर्भेट दाखवलीत तर निष्कर्ष त्या कुत्र्याबद्दल किंवा त्या सैनिकाबद्दल होतो, पुनर्भेटीबद्दल होत नाही.

संगीत: पार्श्वसंगीत एकट्याने शहारा आणतं. जमलं तर संगीत काढलेली आवृत्ती वापरा, नाहीतर चारही फितींत ठेवा. एकीत आहे, दुसरीत नाही, असं केलंत तर सगळं पाण्यात.

फीत आधी पाहिली आहे का, हे प्रत्येक फितीनंतर विचारा. व्हॉट्सॲपवर फिरून चोथा झालेल्या फिती मुळातच टाळा.

माणसं: एकाच माणसाच्या दोन फितींची तुलना करायची, मध्यम आकाराचा फरक (०.५ प्रमाण विचलन) पकडायचा, ८० टक्के शक्ती (फरक असलाच तर तो सापडण्याची शक्यता) आणि ०.०५ सार्थकता पातळी, तर ३४ लागतात. वेगवेगळ्या गटांची तुलना केलीत तर प्रत्येक गटात ६४. त्यामुळे प्रत्येकाला सगळे प्रकार दाखवणंच स्वस्त पडतं. गळती धरून ४५ घ्या. मराठी मोजपट्टीचं घटक विश्लेषण (विधानांचे गट खरंच पडतात का ते तपासणं) मात्र ४५ माणसांवर करू नका, त्याला निदान २०० हवेत. लघुप्रबंधात अल्फा (एका भागातली विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) काढा आणि थांबा.

क्षणाक्षणाचं मोजमाप करायचं असेल तर पडद्याखाली सरकपट्टी द्या, दर सेकंदाला नोंद. २०१८ साली शूबर्ट आणि मंडळींनी वापरलेली युक्ती उचला: एकाच माणसाला सगळं विचारायचं नाही. एका गटाने फक्त गहिवराची पट्टी हलवायची, दुसऱ्याने फक्त जवळिकीची, आणि मग दोन्ही रेषा जुळतात का ते पाहायचं. दोन्ही एकाच माणसाने हलवल्या तर जुळणारच. यात दोन खाचखळगे आहेत. बोट मनाच्या मागे काही सेकंद राहतं, म्हणून रेषा पुढेमागे सरकवून जुळवाव्या लागतात. आणि कुठलीही फीत पुढे जाते तशा सगळ्याच रेषा चढतात, त्यामुळे नुसता सहसंबंध फुगलेला येतो. आधी प्रत्येक सेकंदाचा मागच्या सेकंदापासूनचा फरक काढा, मग सहसंबंध.

---

काजवा:
ठोकताळा यांना पूर्ण अनुमोदन. उपकरणांवाचून फार अडत नाही, हे पुरवणी म्हणून. अश्रुग्रंथीला आज्ञा परानुकंपी चेतातंतूंतून जाते, केस उभे करणाऱ्या स्नायूंना अनुकंपी चेतातंतूंतून. एक उसंत देणारी, दुसरी उठवणारी. गहिवरात दोन्ही खुणा एकत्र दिसू शकतात, म्हणून नाडीचा एखादा आकडा धरून काही ठरत नाही. हातावर कॅमेरा बांधून केस उभे राहणं टिपणारे आहेत, पण माणसाने सांगितलेला काटा आणि कॅमेऱ्याला दिसलेला काटा दर वेळी जुळत नाहीत. तेव्हा प्रबंधात 'रोमांच' न लिहिता 'सांगितलेला रोमांच' असं लिहा.

एक आडवा संदर्भ. २००८ साली सिल्व्हर्स आणि हाइट यांनी ४२ स्तनदा मातांना बाळासकट बोलावून काहींना उन्नत करणारी, काहींना विनोदी फीत दाखवली. पहिल्या गटात बाळाला पाजणं आणि दूध पाझरणं जास्त दिसलं. त्यावरून दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा अंदाज बांधला गेला, पण ते थेट मोजलेलं नव्हतं. 'पान्हा फुटणे' म्हणणाऱ्या भाषेला याचं नवल वाटू नये, पण 'सिद्ध झाले' असं लिहू नका.

---

शेवंती:
सगळ्यांचे खूप आभार. पुनर्भेट विरुद्ध सचोटी हाच मुख्य प्रश्न करते. एक शंका. 'काय करावंसं वाटलं' या भागात मिठी मारावीशी वाटली असं विधान आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना मिठी कुठे मारतात? 'पाया पडावंसं वाटलं' असं घातलं तर चालेल? की त्याने श्रेष्ठ-कनिष्ठ नातं मोजलं जाईल?

---

दोनओळी:
घाला, पण मिठीच्या जागी नको, जोडीला. फिस्कच्या जुन्या मांडणीत नात्यांचे चार साचे आहेत: आपलेपणा, उतरंड, बरोबरी आणि बाजारभाव. कामा मुता फक्त पहिल्याशी बांधलेलं आहे, म्हणून तुमची शंका रास्त आहे. पण पाया पडण्याचा अर्थ नेहमी उतरंडच नसतो. वारीत दोघं वारकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि मग उराउरी भेटतात, तिथे वर-खाली उरतच नाही. चार विधानं करा: मिठी मारावीशी वाटली, जवळ घ्यावंसं वाटलं, डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पाया पडावंसं वाटलं. अल्फा काढताना चौथं वगळून बघा. वगळल्यावर अल्फा वाढला तर ते विधान वेगळंच काहीतरी मोजतंय. पुनर्भेटीत कमी आणि सचोटीत जास्त आलं तर आणखी छान, तिरका यांना नवं खाद्य.

---

तिरका:
खाद्य स्वीकारलं आहे. चाचणी आधी सहा-सात जणांवर करून घ्या, आणि सहाही जणांनी सगळीकडे ५ किंवा ६ दिलं तर फीत बदला. गुण छताला टेकले की फरक दिसायला जागाच उरत नाही.

---

ठोकताळा:
संमतिपत्रात दोन ओळी राहू नयेत: 'फितींत ताटातुटीचे प्रसंग आहेत' आणि 'कधीही थांबता येईल, कारण विचारलं जाणार नाही'. गेल्या सहा महिन्यांत घरात मृत्यू झाला आहे का, हे आधीच विचारून अशांना अदबीने वगळा. शेवटी द्यायच्या कागदावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापा. खोलीत रुमालांचा डबा ठेवायचा, पण टेबलावर नको, बाजूला. समोर दिसला की प्रयोग कशाचा आहे ते कळतं.